खंडेनवमीला चाललेलं मशीन

“एवढं उघडून द्या मॅडम, पुन्हा आयुष्यात सणाच्या दिवशी फोन करणार नाही,” जिनेंद्र म्हणाला आणि उठून त्यानं मला त्याची खुर्ची दिली.

पडद्यावर मशीन चालवणारा प्रोग्रॅम नव्हताच. एक लाल ओळ होती. अमुक नावाची लायब्ररी सापडत नाही, म्हणून प्रोग्रॅम चालू होऊ शकत नाही. मी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ.

मी भरल्या पानावरून उठून आले होते. सासूबाईंनी दारापर्यंत येऊन ऐकवलं होतं की आज सगळं जग हत्यारांची पूजा करतंय आणि आमची सून ती उचकटायला निघाली. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर तेव्हा मी सांभाळायचे. एक बंद पडला की सगळ्यांना हुपरीकर मॅडम आठवायच्या, एरवी कुणी चहालाही विचारायचं नाही. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात पोटात दोनच घास. जिनेंद्रला मी सरळ विचारलं, बॅकअप कुठाय? तो छताकडे बघायला लागला.

चौगुल्यांच्या त्या कारखान्यात हाडांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू बनायचे. बाळगोंडाअण्णा चौगुले मालक, जिनेंद्र त्यांचा इंजिनिअर झालेला मुलगा. खंडेनवमीसाठी तिथं आठवडाभर घासपूस चालली होती. लेथला तेल, ड्रिलला नवा रंग, मोजायच्या हत्यारांना मऊ फडकं. सगळ्यांची यंत्रं लखलखीत, मग आपल्या कॉम्प्युटरचं काय, असं जिनेंद्रच्या मनात आलं. कॉम्प्युटरला न्हाऊ घालायचं म्हणजे काय करायचं? तर अपग्रेड. तेही साधंसुधं नाही. आदल्या संध्याकाळी त्यानं अख्खी डिस्क पुसून कोरी करकरीत नवी सिस्टीम चढवली होती; प्रोग्रॅम तेवढा पेनड्राइव्हवरून परत आणून ठेवलेला. वर मॉनिटरला कुंकवाचं स्वस्तिक काढून ठेवलेलं. हौस दांडगी, अक्कल बेताची.

एरवी मी त्याला दोन शिव्या घालून घरी गेले असते आणि दसरा झाल्यावर निवांत निस्तरलं असतं. पण ऑफिसच्या पायरीवर नामदेव ऐवळे बसले होते.

त्यांची बायको सुनंदा एसटीत कंडक्टर होती. बसच्या दारातून पडून तिच्या डोक्याला मार लागला होता. मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढून ठेवला. पुढे तो खराब झाला आणि टाकून द्यावा लागला. तेव्हापासून उजव्या कानाच्या वर बाईला हाडच नव्हतं, नुसती कातडी. घरात ती क्रिकेटचं हेल्मेट घालून वावरायची. त्या जागी बसवायचा टायटॅनियमचा पत्रा चौगुल्यांकडे मशीनवर ठोकळ्यातून कापून बनायचा होता. ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलं होतं, पण खंडेनवमीच्या आदल्या रात्रीपासून तिला झटके यायला लागले, एकामागून एक. त्या सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबता येणार नाही, उद्या सकाळीच घेतो. पत्रा संध्याकाळी मिरजेला हॉस्पिटलात पोचला पाहिजे, निर्जंतुक करायला रात्र लागते. नामदेवराव नव्या स्कॅनची सीडी घेऊन आले होते आणि पत्रा घेऊनच परत जाणार होते. रेक्झिनची पिशवी मांडीवर धरून बसलेला तो माणूस एका शब्दानं घाई करत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

“आणि मशीन?” मी जिनेंद्रला हळू आवाजात विचारलं. “आज मशीन चालवू देतील अण्णा?”

चौगुल्यांचा नियम अख्ख्या एमआयडीसीला माहीत होता. खंडेनवमीला पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत तिथं एकाही यंत्राला हात लागायचा नाही. बाकीचे कारखानदारही पाळायचे, पण अडलं तर हळूच एखादं मशीन चालू करायचे. अण्णांकडे साधा ग्राइंडरही फिरायचा नाही.

कारखान्याला लागूनच घर होतं. तिकडे कामगारांची पंगत बसली होती आणि अण्णा स्वतः वाढत होते. ते मी बघतो, असं जिनेंद्र म्हणाला खरा, पण हा काही बघणार नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी कामाला लागले. लायब्ररी म्हटलं की लोकांना पुस्तकं आठवतात, म्हणून सांगते. कुठल्याच प्रोग्रॅमला सगळं स्वतःला येत नसतं. कुणी चित्र काढून देतं, कुणी हिशेब करून देतं. अशा मदतनीस फाइली असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. जिनेंद्रनं सिस्टीम नवी घातली तेव्हा जुने मदतनीस सगळे गेले, नवे आले. प्रोग्रॅम बिचारा जुन्यांच्याच नावानं हाका मारत बसला होता.

पहिली लायब्ररी मी इंटरनेटवरून आणून घातली. लाल ओळ गेली आणि दुसरी आली. दुसऱ्या नावाची. ती आणली, तर तिसरी. जिनेंद्र मागे उभा राहून दर वेळी “झालं?” म्हणायचा. पायरीवर नामदेवरावांचा फोन वाजला. ते लांब जाऊन बोलून आले, पुन्हा बसले. काय झालं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, “अजून एक झटका आला. तुमचं चालू द्या.”

शेवटच्या ओळीला मात्र मी अडकले. वाकड्या पृष्ठभागाचा हिशेब करणारी लायब्ररी गायब होती, आणि प्रोग्रॅम विकणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. जुनी आवृत्ती कुठंच मिळेना. नव्या सिस्टीममध्ये त्याच जातीची नवी लायब्ररी मात्र होती. अशा वेळी आम्ही लोक एक युक्ती करतो. नव्या फाइलीला जुन्याचं नाव चिकटवायचं. प्रोग्रॅमनं हाक मारली की नवी ओ देते. मी ते केलं आणि प्रोग्रॅम उघडला.

जिनेंद्रनं टाळीच वाजवली. नामदेवराव उठून दारात आले. मलाही सुटल्यासारखं झालं, पण जिवाला चैन पडेना. ही युक्ती पगाराच्या प्रोग्रॅमला ठीक आहे. इथं पत्रा मेंदूवर बसणार होता. मागच्या वर्षी एका कवटीसाठी इथंच कापलेल्या पत्र्याची फाइल जिनेंद्रनं पेनड्राइव्हवर ठेवली होती. मी तीच नव्यानं चालवली आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहिली. मधला भाग तंतोतंत. कडेला फरक. केसाएवढाच, पण फरक.

“एवढ्यानं काय होतंय मॅडम? डॉक्टर कड घासून घेतील की,” जिनेंद्र म्हणाला.

मी म्हटलं, तुझ्या डोक्यात बसवायचा असता तर असाच बसवला असतास का? नामदेवराव दोघांच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं की प्रोग्रॅम उघडलाय, पण खोटं बोलतोय. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “मग खरं बोलणारा कुठं मिळंल?”

तेव्हा जिनेंद्रला आठवलं. कारखान्याचा पहिला कॉम्प्युटर. प्रोग्रॅम विकत घेतला तेव्हा त्याच्यावरच घातला होता; मागच्या वर्षापर्यंत तोच मशीन चालवायचा. त्याच्यात जुनी लायब्ररी असणारच. फक्त तो आज पूजेत होता.

आम्ही आत गेलो. शेडमध्ये सगळी यंत्रं हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभी होती. जमिनीवर फोडलेल्या नारळांचं पाणी, तेलाचे ठिपके, पाकळ्यांचा सडा. भिंतीलगत पाटावर जुनी हत्यारं मांडलेली आणि त्यांच्यात तो पिवळट पडलेला कॉम्प्युटर, डोक्यावर फूल ठेवून बसलेला. मी फुलाला हात घातला.

“हात काढा ताई.”

बाळगोंडाअण्णा दारात उभे होते. हातात वाढायची पळी तशीच. मागे दोन-तीन कामगार. माझी स्कूटर त्यांनी पाहिली असावी.

जिनेंद्र बोलायला लागला आणि अडखळला, म्हणून मीच सगळं सांगितलं. बाई, झटके, उद्याचं ऑपरेशन, केसाएवढा फरक. अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर चालू केला की मशीनपण चालवावं लागंल न्हवं? मी हो म्हटलं.

“आज मशीन चालणार न्हाई. उद्या पहाटे चारला उठून मी सोता लावतो.”

उद्या पहाटे लावून उपयोग नाही, पत्रा आज संध्याकाळी तिथं हवा, हे मी दोनदा समजावलं. ते दोन्ही वेळा नाही म्हणाले. अमक्याच्या कारखान्यात करून घ्या म्हणाले. जिनेंद्रनं सांगितलं की असं मशीन दुसऱ्या कुणाकडे नाही. तरीही नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “अण्णा, तुमच्या देवाला राग येईल म्हणून त्या बाईनं झटके येऊन मरायचं का?”

कामगारांनी माना खाली घातल्या. अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

“देवाचं नाव कुणी घेतलं?” ते म्हणाले.

मी आणखी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात नामदेवराव पुढे आले. मला वाटलं, आता हा माणूस पाया पडणार, रडणार. तर ते मलाच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मॅडम. त्यांचं बी काहीतरी असंल. मी डॉक्टरला इचारतो दुसरं काय करता येतंय का.” आणि पिशवी काखेला मारून ते खरंच वळले.

अण्णा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी पळी शेजारच्या कामगाराकडे दिली.

“थांबा पाव्हणं,” ते म्हणाले. “बसा हितं.”

नामदेवराव बसले नाहीत, पण थांबले. अण्णा बोलले ते त्यांच्याशी. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“माझा धाकटा भाऊ होता. आदगोंडा. आमी दोघांनी मिळून हे उभं केलं. तवा नुसता एक पॉवर प्रेस हुता, पत्रा दाबून कापायचा. खंडेनवमीची पूजा झाली, परसाद झाला, आन एक तातडीचं काम आलं. मी म्हटलं, तासाभराचं काम हाय, चालू कर. तो नको म्हणत हुता. मी थोरला, मी सांगितलं. पूजेसाठी धुताना प्रेसच्या तोंडावरची जाळी काढलेली. ती परत बसवलीच नव्हती. खाली नारळाचं पाणी. त्याचा पाय सरकला आन तो पुढं गेला.”

त्यांनी नामदेवरावांवरची नजर काढून ओल्या जमिनीकडे पाहिलं.

“ह्या दिवशी यंत्राचं सगळं सुटं असतंय, जमीन ओली असतीया आन माणसाचं ध्यान घराकडं असतंय,” ते म्हणाले. “म्हणून न्हाई चालवायचं. देव कशाला रागवंल?”

जिनेंद्र त्यांच्याकडे बघतच राहिला. काका अपघातात गेले एवढंच त्याला घरात सांगितलेलं होतं. कुठं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, काही नाही.

नामदेवराव म्हणाले, “मग नकोच अण्णा. माझ्या माणसापायी तुमच्या माणसाला धोका नको.”

अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले ते एकदम मालकाचे.

“जिनू, सगळ्यांना गेटच्या भाईर काढ. एकबी माणूस आत नको.”

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. धोतर खोचलं आणि स्वतः शेड झाडली. नारळाचं पाणी पुसलं, त्यावर भुसा टाकला, तो भुसा पुन्हा झाडला. मशीनवरची माळ उतरवून हात जोडले. मग एकेक झाकण, एकेक बोल्ट पान्यानं तपासला. एक बोल्ट खरंच ढिला निघाला. त्यांनी तो आवळला आणि जिनेंद्रकडे नुसतं पाहिलं. जुन्या कॉम्प्युटरवरचं फूलही त्यांनीच उचललं. मला म्हणाले, घ्या, काय पायजे ते घ्या.

जुनी लायब्ररी होती. ती मी नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमच्या शेजारी आणून ठेवली, मी चिकटवलेलं नाव काढून टाकलं आणि मागच्या वर्षीचा पत्रा पुन्हा ताडला. कडेसकट जुळला. मग सुनंदाबाईंचा स्कॅन घातला. पडद्यावर तिच्या कवटीतलं भगदाड आलं आणि त्यात बसणारा तुकडा आला. नामदेवराव गेटबाहेर होते ते बरं झालं.

जिनेंद्र म्हणाला, अण्णा, मशीन मी लावतो, तुम्ही कित्येक वर्षांत लावलेलं नाही. आणल्यावर पहिलं मीच लावलं होतं, असं अण्णा म्हणाले. त्यानं पुन्हा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि हळूहळू, मागे ढकलत, दारापर्यंत नेलं. “तू भाईर,” एवढंच म्हणाले आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

माझ्याकडे वळले तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की मला जाता येणार नाही. प्रोग्रॅम मशीनला हुकमांची एकेक ओळ भरवणार होता. मध्येच बंद पडला तर पत्रा वाया, आणि टायटॅनियमचा ठोकळा एकच शिल्लक होता. त्यांनी विचार केला. मग मला ऑफिसच्या काचेमागं बसवलं. “काय बी झालं तरी हितनं उठायचं न्हाई,” म्हणाले. “मला काय झालं तरी न्हाई.”

मशीन चालू झालं. त्या सुन्या शेडमध्ये तो आवाज कानठळ्या बसवत होता. अण्णा मशीन थांबवायच्या लाल बटणावर हात ठेवून उभे होते, आणि तो हात त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. मी पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत होते. पाणी प्यायला उठले नाही. देवाचं नाव घ्यावं तर लाज वाटत होती.

मधला भाग निघाला. कड लागली आणि ओळी थांबल्या. पडदा तसाच, हालचाल बंद. बाहेर कापायचं टोक हवेत उभं राहिलं. मी खुर्चीवरून उठलेच, तर अण्णांनी तिकडून मोकळा हात वर केला, बस म्हणून. मी बसले. कीबोर्डला हात लावावा तर बिघडायचं, न लावावा तर काय करायचं? गुडघ्यांवर हात दाबून मी नुसती बसून राहिले. लायब्ररीचा हिशेब चालला होता. जुनीच ती, कडेची गोलाई तिला जड जात होती. मग एक ओळ सरकली. मग दुसरी. टोक पुन्हा खाली आलं.

ऊन कललं होतं तेव्हा मशीन थांबलं. अण्णांनी तुकडा सोडवला, कडा साफ केल्या, धुतला आणि माझ्यापुढे धरला. मी स्वतः मोजला, अण्णांनी मोजला, मग शटर वर करून जिनेंद्रला बोलावलं आणि त्यालाही मोजायला लावला. बरोबर होता. डब्यात घालून तो नामदेवरावांच्या हातात दिला. ते वाकायला लागले तसे अण्णा मागे सरले. “पाया पडत बसू नका. पळा,” ते म्हणाले. एका कामगारानं मोटरसायकल काढलीच होती. दोघं धुरळा उडवत मिरजेच्या रस्त्याला लागले.

अण्णा पायरीवर बसले, नामदेवराव बसले होते तिथंच. जिनेंद्र पाणी घेऊन आला आणि त्यांच्या शेजारी टेकला. मी दुपारी बोलले त्याबद्दल काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

“अण्णा,” जिनेंद्रनं विचारलं, “त्या दिवशी काम कसलं आलं होतं?”

अण्णांनी पाणी संपवलं, भांडं खाली ठेवलं.

“सायकलच्या घंटीच्या वाट्या,” ते म्हणाले. “दिवाळीला दुकानात नव्या सायकली येणार हुत्या.”



दुसऱ्या दिवशी दुपारी मी राहिलेलं काम करायला गेले, तेव्हा कारखान्यात सगळी यंत्रं चालू होती. फोन वाजला. जिनेंद्रनं घेतला आणि नुसता अण्णांच्या कानाला लावला. शेजारी उभ्या असलेल्या मलाही नामदेवरावांचा आवाज ऐकू येत होता. पत्रा एका फटक्यात बसला म्हणाले डॉक्टर. ती शुद्धीवर आली. मला ओळखलं. दाढी का वाढवलीय म्हणून रागवली. मग ते म्हणाले, ती विचारतेय अण्णा, एवढं सणाच्या दिवशी कुणी केलं? नाव काय सांगू?

अण्णांनी फोन हातात घट्ट धरला. जिनेंद्र त्यांच्या हातातून फोन घ्यायला लागला, तर त्यांनी सोडला नाही.

“आदगोंडा चौगुले म्हणून सांगा,” ते म्हणाले.